खडीचा रस्ता आणि चारशे सीसी

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत हल्ली ईदच्या सुट्टीत उंच, रुंद हँडलच्या, जाड नक्षीच्या टायरच्या मोटारसायकली दिसू लागल्या आहेत. पोरं त्यांना स्क्रॅम्बलर म्हणतात. शब्द इंग्लंडचा. 1924 साली तिथल्या कॅम्बर्ली गावाजवळ उजाड माळावर, चढ-उतारांवरून एक शर्यत झाली, तिला ‘स्क्रॅम्बल’ म्हटलं गेलं. पुढे लोक रस्त्यावरच्याच गाडीचा सायलेन्सर उंच बसवून, खडबडीत टायर चढवून ती असल्या शर्यतींना नेऊ लागले. तेच रूप आज कारखान्यातून तयार मिळतं.

माझ्या भाच्याच्या मनात भरली आहे ती ट्रायम्फची स्क्रॅम्बलर 400 एक्स. नाव विलायती असलं तरी ती बनते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. 2023 च्या ऑक्टोबरात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत सुमारे 2 लाख 63 हजार होती. त्याचे वडील आखातात, घरी अम्मी आणि हा. घरातलं एकमेव वाहन हेच असणार. आपांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, व्याजाच्या हप्त्यांवर गाडी दारात येणार नाही. म्हणजे पैसे साठवलेले, एकदाच खर्च होणारे. मग पारखून घ्यायला नको?

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे गुळगुळीत डांबरावर जेमतेम दोन किलोमीटर. त्यात रंग कळतो, गाडी कळत नाही. भाच्याच्या एका दोस्ताकडे हीच गाडी आहे. त्याच्याकडून अर्ध्या दिवसासाठी घेतली. विम्याचे कागद पाहिले, हेल्मेट चढवलं, सवारीची दुआ पढलो आणि दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लागलो.

398 सीसी, 40 पीएस ताकद. ज्या स्प्लेंडरवर मी रोज शाळेला जातो तिची ताकद आठ. आसूदच्या उतारावर आणि वळणांवर हा फरक अंगावर येतो. मूठ थोडी पिळली की गाडी झेपावते, म्हणून हात हलकाच ठेवावा लागतो. रुंद हँडलमुळे वळण मात्र सहज घेता येतं. पुढे एका वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळलो. जांभ्याची लाल माती, वर सुटी खडी, मध्ये पावसाने पाडलेल्या घळी. पुढचं चाक 19 इंची आणि सस्पेन्शनची चाल 150 मिलिमीटर, त्यामुळे ज्या खड्ड्यात स्प्लेंडरवर कंबर दुखते तिथून ही नुसती मान डोलावून निघाली. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघे टाकीला लावून चालवलं की ती आणखी स्थिर होते. या वयात दोन-तीन वेळा उभं राहिलो, माशाअल्लाह मजा आली!

एबीएस बंद करायची सोय आहे. सुट्या खडीवर एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे गाडी थांबायला जास्त जागा लागते. जाणकार तिथे ते बंद करतात. नवशिक्याने त्या बटणाला हात लावू नये. डांबरावर तर कुणीच नाही.

वजन 185 किलो. चालत्या गाडीत ते जाणवत नाही. घळीत थांबून मागे ढकलायची वेळ आली की घाम फुटतो. सीटची उंची 835 मिलिमीटर. स्प्लेंडरची 785 आहे. पाच फूट चार इंचाच्या माणसाचे टोकच तेवढे जमिनीला लागतात, आणि ओल्या मातीवर टोकाचा भरवसा नसतो.

परतल्यावर मी आपांना म्हटलं, मागे बसून पाहा. दवाखाना, बाजार, लग्न-मयत, सगळीकडे त्याच जाणार ना? बुरखा सावरत त्या दोनदा चढायला गेल्या, तिसऱ्यांदा ओट्याच्या पायरीवरून बसल्या. एका बाजूला पाय टाकून इतक्या उंचावर तोल राहीना. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पायाला आधार आणि मागच्या चाकाच्या निम्म्या भागावर तरी आडोसा असला पाहिजे, म्हणजे कपडा चाकात जाऊ नये. कित्येक पोरं गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘लुक बिघडतो’ म्हणून तो आडोसा काढून टाकतात. ज्या घरात ओढणी आणि बुरखा आहे त्या घरात हा लुक आईच्या जिवावर बेतू शकतो. भाच्याला हे मी रागावूनच सांगितलं.

आणखी एक हिशेब. 350 सीसी ही सरकारी रेघ आहे. सप्टेंबर 2025 पासून तिच्या आतल्या गाडीवर जीएसटी 18 टक्के, वरच्यावर 40. 2022 च्या दरांत थर्ड पार्टी विमाही रेघेखालच्या 150 ते 350 सीसीला वर्षाला 1,366 रुपये, वरच्याला 2,804. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. एवढी ताकद हर्णैच्या वळणांवर वापरायला जागाच कुठे आहे?

एकट्या, बऱ्या उंचीच्या, काही वर्षं गाडी चालवलेल्या माणसासाठी मी या गाडीला बेधडक चांगलं म्हणेन. आमच्या घरासाठी नाही म्हणालो. भाचा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच हिरोच्या 200 सीसीच्या एक्सपल्सचा विषय काढला. तीही उंचच आहे, पण हलकी आणि किमतीला बरीच कमी. येत्या रविवारी ती पाहायला जायचं आहे. आपा म्हणाल्या, मीही येणार आणि आधी मागे मी बसणार.