नाताळच्या जेवणाला आईलाही बसू द्या

डिसेंबर उजाडला की फोनवर नाताळच्या जेवणाच्या टिप्स यायला लागतात. टर्की कोरडी पडू नये म्हणून काय करायचं, ओव्हन किती तापवायचा वगैरे. सिकंदराबादच्या आमच्या घरात ओव्हन नाही. टर्की आणलीच, तर पाच किलोचा गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये नीट सुटायलाच दोन-तीन दिवस लागतात; तोवर दूध-दही कुठे ठेवायचं? तेव्हा ती राहू द्या. पण या टिप्स वाचताना मला एक गोष्ट खटकते. काम लवकर कसं उरकायचं ते सगळे सांगतात, ते कोणी करायचं हे कुणीच विचारत नाही.

गेल्या नाताळची गोष्ट. २४ च्या रात्री आम्ही कॅरोल गात घरोघर फिरलो. शेवटचा चहा आमच्याच घरी, पहाटे दोन वाजता. आईने वीस जणांना चहा आणि करंज्या दिल्या. सकाळी ती उपासनेला आली, पण पाळकसाहेबांचं प्रवचन सुरू झालं आणि ती हळूच उठून गेली. बिर्याणी दमावर लावायची होती. प्रभुभोजनाच्या वेळी तिची जागा रिकामी. मी गिटार घेऊन पुढे बसलेला, त्यामुळे मला ते दिसलं. नंतर विचारलं तर म्हणाली, "अरे, दरवर्षीच जाते की मी." दरवर्षी! आणि माझ्या ते लक्षात आलं एकविसाव्या वर्षी.

आमचं घराणं मूळचं जालन्याकडचं. १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होतं, त्यामुळे आजोबांना इथे येणं परमुलखात गेल्यासारखं वाटलं नसावं. पण ताटात दोन्हीकडचं आलं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे तिकडचे; बिर्याणी आणि खुबानी का मीठा इकडचं; विंदालू शेजारच्या गोव्याच्या काकूंकडून शिकलेला. सगळंच हवं, आणि सगळं आईनेच करायचं.

माझं मत असं, की २५ तारखेला करायचा पदार्थ एकच असावा. बाकी सगळं आधी व्हायला हवं, आणि ते होतं.

फराळ आठवडाभर आधी करता येतो. तळलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका एवढंच, नाहीतर वाफ धरून सगळं मऊ पडतं. केकही दोन-तीन दिवस आधीचाच बरा, नीट कापला जातो. आम्ही सुका मेवा रममध्ये न भिजवता संत्र्याच्या रसात भिजवतो. तो फ्रिजमध्येच ठेवायचा आणि एक-दोन दिवसच, कारण रस आंबतो. विंदालू तर शिळाच खावा. २३ ला करा, फ्रिजमध्ये ठेवा, २५ पर्यंत व्हिनेगर आणि मसाला छान मुरतो. मात्र ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, आंबटाने धातू रश्शात उतरतो. खुबानी २३ च्या रात्री भिजवून २४ ला शिजवायची. तिच्या बिया फोडून आतले बदामासारखे गर काढायचं काम लहान भावंडांना द्या, ती अर्धे खातात, पण खूश असतात.

आता बिर्याणी. हे हैदराबादेत लिहायला जरा धाडसच लागतं, पण लिहितो: नाताळला कच्ची बिर्याणी करू नका. कच्चीत मुरवलेलं कच्चं मटण आणि अर्धवट शिजलेला भात एकाच हंडीत, एकाच वेळी शिजून निघायला हवेत. झाकण कणकेने बंद, आत काय चाललंय ते दिसत नाही. मटण राहिलं तर परत दम द्यावा लागतो आणि भाताचा गोळा होतो. म्हणजे सरावाचं माणूस शेगडीपाशी हवंच, आणि ते माणूस कोण, हे तुम्हाला कळलंच असेल. त्यापेक्षा पक्की करा. मटण २४ ला संध्याकाळीच पूर्ण शिजवून, गार करून फ्रिजमध्ये. (कच्ची पपई किलोला एक-दोन चमचेच लावा. जास्त लावून रात्रभर ठेवली की मटणाचा लगदा होतो, आम्ही तोही खाल्लाय.) उपासनेहून आल्यावर मटण चांगलं उकळू द्यायचं, तांदूळ सत्तर-ऐंशी टक्के शिजवून वर पसरायचा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं दम.

"मग भातही रात्रीच करून ठेवू या ना," ताई म्हणाली. तो मात्र नको. शिजल्यावरही भातात काही जंतूंचे बीजाणू टिकतात, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात. पाहुण्यांची पोटं बिघडवायची नाहीत.

आत्याला हे काही पटलेलं नाही. "सणाला कालचं मटण वाढणार? लोक काय म्हणतील?" लोकांना कळेल असं मला वाटत नाही. आणि कळलंच, तर गेली वीस वर्षं आई प्रभुभोजनाला का नसते हेही त्यांना कळू दे. खुद्द आईसुद्धा पूर्ण राजी नाही, "तुम्ही पसारा घालाल, मलाच आवरावा लागेल," म्हणते. तिचं अगदीच चूक नाही. म्हणून भांडी माझ्या नावावर लिहिलीत.

हो, लिहिलीत. फ्रिजवर कागद लावलाय, प्रत्येक कामापुढे नाव. २५ तारखेच्या सकाळपुढे आईच्या नावासमोर एकच नोंद आहे: उपासना, शेवटपर्यंत. तांदूळ पप्पा शिजवणार आहेत. सत्तर टक्के म्हणजे नेमकं किती, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. शनिवारी अर्धा किलोवर सराव ठेवलाय.