बिल नको, तर मग गॅरंटी कसली?

इंदूरच्या रामबाग, नारायणबागेतील जुन्या घरांची सागवानी तुळई असो की मंडळाच्या वाचनालयातील पुस्तके, वाळवी कोणालाच सोडत नाही. पण तिचा बंदोबस्त करताना आपली व्यवहारबुद्धी कुठे जाते? पेस्ट कंट्रोलवाला सांगतो, "सब मिलाकर पंद्रह हजार, बिल चाहिए तो जीएसटी अलग." आपण लगेच म्हणतो, "बिल राहू द्या." घरात चालते ते चालतेच, पण वर्गणी-देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थांतही हेच चालावे, याचा संताप येतो.

बंधू-भगिनींनो, "सब मिलाकर" हा भाव नव्हे! केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत काम स्पष्ट लिहिलेले आहे. जुन्या इमारतीत भिंत आणि फरशी मिळते तिथे दर ३०० मि.मी.वर, म्हणजे फुटाफुटावर, १२ मि.मी.चे छिद्र पाडायचे, प्रत्येकात १ लिटर द्रावण भरायचे आणि छिद्र बुजवायचे. १२ बाय १० फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. दार सोडले तरी ४० छिद्रे, ४० लिटर द्रावण. क्लोरपायरीफॉस २० ईसीचे १ टक्क्याचे द्रावण करायचे तर त्यात २ लिटर मूळ औषध लागते. मग पाठीवर एक पंप घेऊन अर्ध्या तासात अख्खे घर उरकणाऱ्याने आपल्याला नेमके काय विकले?

आता जीएसटी. या सेवेवर १८ टक्के कर आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्याची नोंदणीच नाही, त्याला तो ग्राहकाकडून घेता येत नाही. साधे बिल मात्र तोही देऊ शकतो. नोंदणी असलेल्याला तर कर टाळण्याची मुभाच नाही. पंधरा हजारांवरचे २,७०० रुपये वाचले म्हणून आपण खूश. पण पाच वर्षांची गॅरंटी ज्या कागदावर लिहायची, तो कागदच आपण नाकारलेला असतो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती आपण हौसेने पोसतो.

"लहान माणूस आहे, त्याच्या पोटावर पाय कशाला?" असे काही ज्येष्ठ म्हणतात. नुकसान होते ते प्रामाणिक लहान माणसाचेच. तो ४० लिटरचा भाव सांगतो, दुसरा १० लिटरांत भागवतो, आणि काम दुसऱ्याला मिळते.

म्हणून कार्यकारिणीने येत्या वार्षिक सभेत ठराव आणावा: छिद्रांची संख्या, द्रावणाचे लिटर, औषधाचे नाव व प्रमाण, गॅरंटीची मुदत आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील परवान्याचा क्रमांक लेखी असल्याशिवाय काम द्यायचे नाही. औषधाची सीलबंद बाटली समोर फोडायची. पैसे संस्थेच्या नावाच्या बिलावर, चेकनेच.

आपल्या वाडवडिलांनी होळकरांच्या दफ्तरात पै-पैचा हिशोब ठेवला. त्यांच्या नातवंडांनी कच्च्या चिठ्ठीवर संस्थेचा पैसा उधळावा, हे शोभत नाही.