चौदा आणे हापूस

वरून पिवळाधमक, कापला तर बाठीजवळ पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. हापूसमधला साका बाहेरून कळतच नाही. म्हणून या अंकात काढणीनंतरच्या फळाचा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात होणारा अभ्यास. उतरवलेला आंबाही श्वास घेतो, तापतो. तेव्हा चौदा आणे तयार फळ जाळीच्या झेल्याने, देठासकट काढून लगेच सावलीत न्यायचं. देठ तुटला की चीक ओघळून सालीवर डाग पडलाच. याच विद्यापीठाने १९८१ साली नीलम-हापूस संकरातून साका न होणारा ‘रत्ना’ दिला; गिऱ्हाईक तरी हापूसच मागतं, त्याला कोण काय करणार! बंदी असूनही आंबा कार्बाइडने पिकवणाऱ्यांचा मात्र राग येतो. म्हणून कार्बाइडला पर्याय असलेल्या इथिलीनच्या पिकवणगृहांवरचा लेख आधी वाचा.