आकाशात फ्लॉवर

‘पाचच मिनिटं’ ही थाप मी आठवड्यातून किमान दोनदा मारतो. सोमवारी ऑफिसात, ‘पाच मिनिटांत रिपोर्ट पाठवतो’ म्हणून. आणि रविवारी सकाळी मोबाइलवर बायकोला, ‘पाच मिनिटांत निघतोच’ म्हणून. सोमवारची खपते. रविवारची खपत नाही. कारण मी नदीकाठी स्टुलावर बसलोय, मांडीवर पॅड आहे आणि अजून झाडांच्या सावल्या टाकायच्या राहिल्यात, हे तिला माझ्या आवाजावरून कळतं.

तर मंडळी, मी लँडस्केप करतो. वॉटरकलरमध्ये. पोट भरतं ते सॉफ्टवेअर टेस्टिंगवर. दुसऱ्याने केलेल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं काम! पण सुट्टीच्या सकाळी मी कुठल्यातरी टेकडीवर नाहीतर घाटावर सापडतो. हे ऐकलं की लोक दोन गोष्टी विचारतात. एक, ‘अरे वा, मग आमच्या हॉलसाठी एक दे ना. सोफा मरून आहे हं.’ यावर मी नुसता हसतो. दुसरी, ‘तुला वेळ कसा मिळतो रे?’ यावरही मी बरीच वर्षं नुसता हसायचो. वेळ मिळतो कुठून, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आधी या माध्यमाचा स्वभाव सांगतो, कारण अर्धी भांडणं त्याच्यामुळे होतात. ऑइलमध्ये काम करणारा माणूस उठून चहा पिऊ शकतो, दोन दिवसांनी परत बसू शकतो. वॉटरकलर तुम्हाला उठू देत नाही. आकाशाचा वॉश एकदा कागदावर टाकला की तो ओला आहे तोवरच ढग करायचे. मे महिन्यात पुण्याच्या कोरड्या हवेत कागद बघता बघता सुकतो. जुलैत कोकणात बसलात तर अर्धा तास झाला तरी सुकत नाही. आणि अर्धवट सुकलेल्या वॉशवर ओल्या ब्रशचा एक जास्तीचा थेंब पडला, तर ते पाणी आजूबाजूचा रंग ढकलत नेतं आणि कडेला दातेरी डाग उमटतो. चित्रकार त्याला ‘कॉलिफ्लॉवर’ म्हणतात. एकदा उमटला की धुऊन पूर्ण जात नाही.

माझा पहिला प्रसिद्ध कॉलिफ्लॉवर मेणवलीचा. वाईच्या पुढे नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे, तोच, ‘स्वदेस’मध्ये दिसतो तो. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालं की सातच्या आत तिथे बैठक मारता येते. त्या दिवशी घाटाच्या दगडी पायऱ्यांवर काय सुंदर तिरकं ऊन आलं होतं! अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून दगडाचा करडा तयार केला, वर आकाश टाकलं आणि ब्रश भरून घेतला, तोच फोन. आदल्या रात्रीच्या रिलीजमध्ये काहीतरी फुटलं होतं. फोन उचलायच्या घाईत ब्रशचा थेंब आकाशात पडला. कॉल पंधरा मिनिटं चालला. परत वळलो तेव्हा घाटावर ऊन सरकलेलं आणि माझ्या आकाशात एक भलामोठा डाग.

घरी आल्यावर बायकोने चित्र हातात घेतलं. ‘आकाशात फ्लॉवर आहे हा?’

‘त्याला फ्लॉवरच म्हणतात.’

‘बरं झालं. भाजी आणायला सांगितली होती, ती आणली नाहीस ना?’

तेव्हा मला वाटलं, सगळा दोष ऑफिसचा. नोकरी नसती तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो. ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाचं हे आवडतं दुःख असतं. गाणारे, ट्रेक करणारे, कविता करणारे, सगळ्यांचं. लंचमध्ये ते एकमेकांना वाढायचं आणि आपला डबा संपवायचा. घर या हिशोबात कुठेच नव्हतं. घर म्हणजे आपली बाजू, असं मी धरून चाललो होतो.

मग कर्दे झालं.

डिसेंबरची सुट्टी, दापोलीजवळचा कर्द्याचा समुद्रकिनारा. ओहोटी होती. ओल्या वाळूत आकाश उतरलेलं. मी पॅड उघडला. लेक तेव्हा पाच वर्षांची. लाल बादली घेऊन आली, ‘बाबा, किल्ला करू या.’ म्हटलं, ‘पाचच मिनिटं.’ ती गेली. परत आली. पुन्हा पाच मिनिटं. असं चारदा झालं. पाचव्यांदा ती आली नाही. हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही, कारण मी आडव्या लाटांची एक रेघ एका दमात ओढत होतो. अंधार पडल्यावर उठलो तेव्हा भरतीचं पाणी बरंच वर आलं होतं आणि दोघी केव्हाच खोलीवर गेल्या होत्या.

चित्र मात्र झकास झालं होतं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी दिव्याखाली धरून पाहिलं, कौतुक केलं. बायकोही बराच वेळ बघत राहिली.

‘यात बादली आहे.’

‘हो! सगळा निळा-हिरवा झाला होता ना, तिथे लालचा एक ठिपका हवाच होता.’

‘ती कुठंय?’

‘कोण?’

‘बादलीवाली.’

मी खरं तेच बोललो. ‘ती सारखी हलत होती गं.’

‘हलणारच. पाच वर्षांची आहे ती.’

एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. पण ती बँकेत काम करते, आणि बँकेतली माणसं राग पोटात ठेवून आकडे बाहेर काढतात. परतीच्या वाटेवर ताम्हिणी घाटात, लेक मागे झोपलेली असताना, तिने हिशोब मांडला. महिन्याचे चार रविवार, जाऊन-येऊन, बसून सरासरी पाच तास. वीस तास. ‘या वीस तासांत ही कोणाकडे असते? नाश्ता कोण करतं? गॅसवाला आला तर दार कोण उघडतं? तुझ्या चित्राला कागद लागतो, रंग लागतात आणि मी लागते. कागद आणि रंगांचे पैसे तू मोजतोस.’

मी गाडी चालवत राहिलो. घाट होता, म्हणून बरं.

त्या दिवसांत मी इंग्लंडच्या एल. एस. लावरीबद्दल वाचत होतो. मँचेस्टरच्या भागातल्या गिरण्या, धुराडी आणि काडेपेटीच्या काड्यांसारखी माणसं रंगवणारा हा चित्रकार १९१० ते १९५२ अशी बेचाळीस वर्षं एका मालमत्ता कंपनीत नोकरीला होता. भाडं वसूल करायला दारोदार फिरायचा, पुढे तिथेच कॅशियर झाला. नोकरीची गोष्ट तो लोकांपासून लपवायचा, कारण त्याला ‘संडे पेंटर’ हे लेबल नको होतं. मला अर्थातच हा माणूस जिवाभावाचा वाटला. आमच्यातलाच की! पण पुढचं पान वाचलं आणि जरा गप्प झालो. १९३२ मध्ये वडील वारले, पाठोपाठ आईने अंथरूण धरलं. तिची सगळी देखभाल लावरीच करायचा. दिवसभर नोकरी, संध्याकाळी आई. रात्री दहाच्या सुमारास ती झोपली की इझलपुढे उभा राहायचा, दोनपर्यंत. १९३९ मध्ये ती जाईपर्यंत हेच चालू. त्याने लग्न केलं नाही. चित्रांसाठी लागणारे तास त्याने स्वतःच्या झोपेतून काढले. मी बायकोच्या रविवारातून काढत होतो. तेही न विचारता.

रात्री दहा ते दोन मला झेपणार नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी साडेनऊचा कॉल असतो आणि मी लावरी नाही. त्यामुळे घरी बसून सरळ वाटाघाटी झाल्या. ऑफिसात क्लायंटबरोबर होतात तशाच, फक्त इथला क्लायंट जास्त हुशार. शनिवार दुपारी एकपर्यंत तिचा. त्या वेळात लेक, नाश्ता, गॅसवाला, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं माझं. ती काय करते ते विचारायचं नाही. (पहिल्या शनिवारी साडेदहापर्यंत झोपली. मला हे ऐकून का कोण जाणे, सगळ्यात जास्त अपराधी वाटलं.) रविवारी सहा ते साडेआठ माझे. महिन्यातून एकच रविवार लांब जायचं, तोही आधी सांगून. आणि तिघं फिरायला गेलो की पॅड बॅगेतच. पोस्टकार्डाएवढं एक चित्र, वीस मिनिटांत होईल तेवढं. पाच-पाच मिनिटांचे हप्ते बंद.

ऑफिसचं त्यामानाने सोपं निघालं. टीम लीडला सांगितलं, रिलीजचा वीकएन्ड असेल तर मी पूर्ण हजर, एरवी रविवारी नऊच्या आधी फोन नको. तो म्हणाला, ‘ओके.’ इतकी वर्षं मी या ‘ओके’ला घाबरत होतो! पण सगळंच फुकट मिळालं असं नाही. मागच्या वर्षी लीड व्हायची संधी आली होती. पगार चांगला वाढला असता, पण चोवीस तास फोन चालू. मी नाही म्हटलं. माझ्यानंतर लागलेला एक जण आता लीड आहे आणि माझा रिव्ह्यू तो करतो. ईएमआयच्या तारखेला अजूनही चुटपुट लागते. घेतलेला निर्णय बरोबर होता का, ते मला माहीत नाही.

कामाच्या टूरवर मात्र लहान आकाराचा भलताच फायदा झाला. टर्पेंटाइन ज्वलनशील, ते विमानात चालत नाही. त्यामुळे ऑइलवाले मित्र टूरवर हात चोळत बसतात. माझा बारा वड्यांचा रंगाचा डबा शर्टाच्या खिशात मावतो, पाणी हॉटेलच्या ग्लासात मिळतं. चेन्नईला गेलो की मला नेहमी पल्लीकरणाईच्या पाणथळीकडे तोंड असलेली खोली हवी असते. सकाळी सहाला पडदा सरकवला की खाली गवत, पाणी, पक्षी आणि मागे काचेच्या ऑफिस बिल्डिंगा. बाहेर इतका दमटपणा की वॉश सुकायचं नाव घेणार नाही, पण आत एसी, तो पटकन सुकवतो. आठला टॅक्सी येईपर्यंत एक चित्र होतं. तीन वर्षांत त्या एकाच खिडकीतून अकरा झालीत.

एकाच जागेची इतकी चित्रं काढून कंटाळा नाही येत, असं एकाने विचारलं. मला आबालाल रहमान आठवले. शाहू महाराजांच्या पदरी असलेले कोल्हापूरचे हे मोठे चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत गावी आले. तिथल्या कोटितीर्थ तलावाची त्यांनी पुन्हा पुन्हा चित्रं काढली. आपण मात्र लडाखचं बुकिंग झाल्याशिवाय ब्रश धुवत नाही. आमच्या गॅलरीतून बाणेरची टेकडी दिसते, अर्धी. उरलेली अर्धी समोरच्या टॉवरने खाल्ली. त्या अर्ध्या टेकडीला मी सहा वर्षांत एकदाही कागदावर घेतलं नव्हतं. आता घेतो. लेक शेजारी बसते, माझ्याच पाण्यात ब्रश बुडवते आणि आकाश ओलं असताना हवे तितके थेंब टाकते. फ्लॉवरचं पीक जोरात आहे.

कर्द्याचं चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. फ्रेम करण्याआधी मी त्यात लेकीला घालायचा प्रयत्न केला होता. पण वॉटरकलरमध्ये गडद रंगावर फिका चढत नाही. म्हणून ब्लेडने कागद हळूच खरवडला, बादलीच्या शेजारी एक उभी पांढरी आकृती काढायला गेलो. ते काही जमलं नाही. आकृती फारच बारीक झाली आणि मान लांब.

येणारे पाहुणे चित्रापुढे थांबतात, वाकून बघतात आणि हमखास म्हणतात, ‘हा बगळा मस्त जमलाय हं.’

बायको माझ्याकडे बघते. मग त्यांच्या हातात चहाचा कप देत म्हणते, ‘हो ना. हलत नव्हता तो.’