सासूबाईंची साखर आणि हिरड्या

गेल्या पावसाळ्यात शेणव्याला आमच्या घरी रोज एक छोटीशी लढाई होत असे. सासूबाईंना बारा वर्षांचा मधुमेह. गोळ्या वेळेवर, पण साखर काही उतरेना. चोरून गूळ खात असतील म्हणून मी डबा वरच्या फळीवर ठेवला, चार शब्द बोललेही. त्या गप्प राहिल्या.

मग लक्षात आलं, ताटातली भाकरी तशीच परत येते. मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं तेवढी पोटात जातात. ‘‘चावताना दुखतं गं, दात हलतात,’’ त्या म्हणाल्या. हिरड्या सुजलेल्या, दात घासले की रक्त. त्यात रोजची मिश्री. शहापूरला दातांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘‘मधुमेह आहे का?’’

या दोन दुखण्यांचं नातं दुहेरी आहे. साखर वाढली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते, हिरड्या सुजतात, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. उलट, हिरड्यांची जुनी सूज इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. हिरड्यांवर नीट उपचार झाले, तर तीन-चार महिन्यांत ‘एचबीएवनसी’ ही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी साधारण ०.४ टक्क्यांनी खाली येते; म्हणजे ७.९ची ७.५. मात्र गोळ्या आणि पथ्य सुटत नाहीत बरं का!

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली सरकारने बंदी केली. पण घरच्या तव्याला बंदी आपणच घालायची.

घरात कुणाला मधुमेह असेल तर एवढं करा:

सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासा. रक्त आलं म्हणून घासणं सोडू नका. सूज, दुर्गंधी, हलणारे दात दिसले तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. दात साफ केल्याने सैल होतात, हा गैरसमज. सैल करतं ते साचलेलं कीटण. दातांच्या डॉक्टरांना मधुमेहाचं आधी सांगा. जाताना उपाशी जाऊ नका, गोळी चुकवू नका.

सासूबाईंची मिश्री सुटायला वेळ लागला, पण सुटली. आता त्या भाकरी खातात. गुळाचा डबा मी खाली आणून ठेवलाय, आणि त्या चार शब्दांबद्दल त्यांची माफीही मागितली.