विश्लेषण : प्रेमकादंबरीच्या मुखपृष्ठावर फोटो की चित्र?

जळगाव किंवा धुळ्यात बसून प्रेमकादंबरी लिहायची आणि प्रकाशकाकडे न जाता थेट वाचकाच्या मोबाइलवर पोहोचवायची, ही वाट आता नवी राहिलेली नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सोय २०१६ च्या अखेरीस सुरू झाली. मजकूर चढवणे फार अवघड नाही. गाडी अडते ती मुखपृष्ठापाशी. पहिला विचार फोटोचाच येतो, कारण फोटो हाताशी असतो. तरीही खानदेशातल्या स्वयंप्रकाशित लेखकासाठी बहुतेक वेळा चित्रच शहाणपणाचे ठरते. त्यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि हक्कांचा, माणसांच्या अब्रूचा प्रश्न जास्त आहे.

फोटोत अडचण काय?

तो आणायचा कुठून, ही पहिली अडचण. स्टॉक फोटोंच्या संकेतस्थळावर भारतीय जोडपे शोधले की समुद्रकिनारा, कॉफी शॉप आणि शेरवानी मिळते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत सायकल धरून उभी असलेली नायिका मिळणे कठीण. शिवाय असा परवाना सहसा एकट्यालाच दिलेला नसतो. आपला नायक उद्या दुसऱ्याच्या कादंबरीवर आणि परवा एखाद्या विवाह मंडळाच्या फलकावर हसताना दिसू शकतो.

मग ओळखीचा फोटोग्राफर आठवतो. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये प्री-वेडिंग शूटचे शेकडो फोटो पडून असतात. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तो फोटो त्या जोडप्याचा किंवा ज्यांनी खर्च केला त्यांचा. फोटोग्राफरने ‘घ्या ना, वापरा’ म्हटल्याने हक्क मिळत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात महागात पडू शकतो. मैत्रिणीला किंवा मावसबहिणीला उभे करायचे, मोबाइलवर फोटो काढायचा. ती हौसेने तयारही होते. कथेत शृंगार किती आहे, हे तिला सांगितलेले असते का? लहान शहरात चेहरा लगेच ओळखला जातो. मुखपृष्ठाचा स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की बोलणी लेखकाला नाही, तिला ऐकावी लागतात. पुस्तक एका दिवसात मागे घेता येते, स्क्रीनशॉट घेता येत नाही. आज आनंदाने दिलेली संमती दोन वर्षांनी स्थळ पाहताना नकोशी होऊ शकते. चित्रातल्या नायिकेला नातेवाईक नसतात. मात्र चित्र खऱ्या मुलीच्या फोटोवरून हुबेहूब काढले, तर प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

चित्र म्हणजे परदेशी फॅशन?

इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत गेल्या दशकात ही लाट आली, हे खरे. सॅली थॉर्न यांची ‘द हेटिंग गेम’ (२०१६) किंवा हेलन ह्वांग यांची ‘द किस कोशंट’ (२०१८) यांच्या मुखपृष्ठांवर चित्रेच आहेत. पण मराठी वाचकाला त्यात नवल वाटायला नको. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना अनेक वर्षे चेहरा दिला. घरातल्या जुन्या कपाटात आजही त्यातले एखादे सापडेल.

मोबाइलमुळे आणखी एक कारण जमा झाले. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तिथल्यासारख्या स्टॉलवर पुस्तक हातात घेऊन पाहता येते. मोबाइलवर ते अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. त्या आकारात फोटोतले चेहरे आणि मागची झाडे यांचा काला होतो. मोजके रंग आणि ठळक आकृती असलेले चित्र टिकते. शीर्षकाचेही तेच. बारीक अक्षरांत मात्रा, रफार, जोडाक्षरे दिसेनाशी होतात. ‘बलू’ किंवा ‘मुक्त’ यांसारखे मुक्त परवान्याचे जाड देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

चित्रकाराला पैसे दिले, आता काय?

बरेच जण इथेच फसतात. कलम १७ मध्ये फोटोसोबत पेंटिंग आणि पोर्ट्रेटचा उल्लेख आहे. टॅबवर काढलेले मुखपृष्ठ त्यात बसते की नाही, यावर वाद होऊ शकतो. म्हणून हक्क लेखी घ्यावेत. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती फक्त पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ई-पुस्तक तर पुणे आणि दुबईत एकाच वेळी विकले जाते. आणखी एक मेख म्हणजे घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो संपुष्टात येतो. कादंबरी रखडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चित्रकाराचे नाव आत छापणेही विसरू नये.

चित्राचा तोटा नाही असे नाही. गोंडस, सपाट रंगांची जोडपी पाहून वाचकाला हलकीफुलकी गोष्ट वाटते आणि आत निघते मोकळे शृंगारवर्णन. ‘द किस कोशंट’बाबत हेच म्हणता येईल. कथा जड किंवा धीट असेल तर चित्राचा सूर तसाच हवा आणि पुस्तकाच्या वर्णनातही ते स्पष्ट लिहावे. एआयने चित्र बनवले, तर किंडलवर पुस्तक चढवताना ते जाहीर करावे लागते. सप्टेंबर २०२३ पासून तसा नियम आहे.

मापाचे मात्र आधीच ठरवावे. किंडल २५६० बाय १६०० पिक्सेल सुचवते. पुढे डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, ३०० डीपीआयने छापायचे झाले तर १६५० पिक्सेल रुंदी लागते. किंडलची फाइल तिथे ५० पिक्सेलने तोकडी पडते. कापणीची कड, कणा आणि मलपृष्ठ वेगळेच. त्यामुळे चित्रकाराकडून मोठी आणि अक्षरांविना फाइल पहिल्याच दिवशी मागून ठेवावी.