विद्यापीठ आलें, पण कोणाच्या दारीं?

गेल्या उन्हाळ्यांत मिहानच्या हद्दींतील एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीचा जुना दाखला नेण्यास आमच्या शाळेंत आले होते. मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं पास झालेली. दाखला हातांत घेतल्यावर ते दारांतच थबकले आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या वावरात एवढं मोठं कालेज झालं. मंग माह्या पोरीचं नाव तिथंच घालाले काय लागते?"

आम्हीं त्यांना समजावून सांगितलें कीं, दादा, त्या कॉलेजांत बारावीनंतर जातां येत नाहीं. आधीं नागपूर विद्यापीठाची पदवी घ्यावी लागते, मग साऱ्या हिंदुस्थानांतील मुलांबरोबर एक परीक्षा द्यावी लागते, तींत वरचा नंबर आला तर प्रवेश, आणि फी लाखांनीं मोजावी लागते. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाले, "म्हंजे वावर एका सहीत गेलं, अन् पोरीले पोचाले पाच वर्सं." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्याकरितांच हा लेख आहे.

मिहान म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. २००२ सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली, आणि शिवणगांव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव या बाजूच्या शेतांवर विमानतळाची वाढ, कारखाने आणि संस्था यांच्या खुणांचे दगड रोवले गेले. जेथें ज्वारी, तूर आणि कापूस होत होता, तेथें आज विमानें दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, संगणकाच्या कंपन्या आहेत, आणि विद्येचीं दोन मोठीं मंदिरेंही आहेत. दहेगांवास भारतीय प्रबंध संस्थेची नवी वास्तु २०२२ च्या मे महिन्यांत राष्ट्रपतींच्या हस्ते उघडली. त्याच सालच्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था लोकार्पण केली. दवाखान्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तेथें खेड्यांतील रोगी जातो आणि बरा होऊन येतो, हें आम्ही डोळ्यांनीं पाहतों. परंतु त्याच संस्थेंत डॉक्टर होण्यास येणारीं मुलें देशभरांतून निवडलीं जातात, आणि जमीन देणाऱ्या गांवासाठीं तेथें एकही जागा राखलेली नाहीं.

आतां शंभर वर्षें मागें जाऊं. नागपुरांत कॉलेजें होतीं, पण विद्यापीठ नव्हतें. हिस्लॉप कॉलेज १८८३ चें, मॉरिस कॉलेज १८८५ चें. त्यांच्या पदव्या आधीं कलकत्त्याच्या व पुढें अलाहाबादच्या. कोठें गंगेकांठचें प्रयाग आणि कोठें आमची नाग नदी! आमच्या मुलांनीं काय शिकावें हें तेथील मंडळी ठरवीत. शेवटीं ४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरु झाले. तेव्हां त्याच्या पदरीं सहा कॉलेजें आणि ९२७ विद्यार्थी होते. साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत ९२७! एका मोठ्या बाजाराच्या दिवशीं याहून अधिक बैल विकावयास येत असतील. त्या ९२७ मध्यें कुणब्याचे किती, तेल्याचे किती, कोष्ट्याचे किती, महाराचे किती असतील, हा हिशेब वाचकांनींच मनांत करावा. पुढें दोन वर्षांत, १९२५ सालीं, विद्यापीठानें स्वतःचें कायद्याचें कॉलेज काढलें. कोर्टांत शेतकऱ्याचा खटला चालविणारे वकील तयार झाले. शेतकऱ्याचा मुलगा वकील होण्यास मात्र आणखी पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. (आज तें कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवें ओळखलें जातें. काळाचीही एक न्यायबुद्धि असते.)

पैशाचें म्हणाल तर विद्यापीठ कांहीं केवळ सरकारी खजिन्यावर वाढलें नाहीं. कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण या खाणमालकांनीं ३५,०१,००० रुपये उपयोगी रसायनशास्त्र शिकविण्याकरितां दिले, आणि त्यांतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्या काळचे पस्तीस लाख! दात्याचें नांव आम्ही आदरानें घेतों. त्याबरोबर खाणींत सब्बल चालविणाऱ्या मजुराचेंही स्मरण ठेवतों, कारण त्याचें नांव कोणत्याही दगडावर कोरलेलें नाहीं. या संस्थेंत तेलाचें शास्त्र शिकवितात. आमच्या तेली बांधवांचा घाणा बंद पडला, आणि त्याच तेलाचें शास्त्र शिकून इंजिनिअर बाहेर पडूं लागले. घाण्याच्या घरांतील मुलगा त्या वर्गांत बसला असता तर धंदाही वांचला असता आणि मुलगाही. ही इन्स्टिट्यूट २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे.

विद्यापीठाचा विस्तार जसा वाढला तशा त्याच्या शाखाही वेगळ्या झाल्या. डॉ. हरिसिंह गौर नागपूरचे कुलगुरु राहिले होते. त्यांनीं १९४६ सालीं आपली जन्माची कमाई घालून सागरचें विद्यापीठ काढलें. १९५६ सालीं प्रांतरचना बदलली आणि हिंदी जिल्हे तुटले. १ मे १९८३ ला अमरावतीचें विद्यापीठ निराळें झालें, २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली मिळून गोंडवाना विद्यापीठ झालें. आज नागपूरकडे नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे आहेत. वांटणी झाली म्हणून कोणी रडूं नये. गडचिरोलीच्या गोंड मुलानें एका सहीकरितां नागपूरची वारी कां करावी?

२००५ सालीं विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. महाराज म्हणजे यावलीच्या एका शिंप्याचे पुत्र. शाळा त्यांना थोडीच लाभली. शेजारच्या अमरावती विद्यापीठाचें नांव संत गाडगे बाबांचें. बाबा परटाच्या घरीं जन्मले, आणि अक्षर त्यांनीं गिरविलें नव्हतें. अमरावती रस्त्यावरील नागपूर विद्यापीठाच्या आवारास महात्मा जोतीराव फुल्यांचें नांव आहे. नांवें आमचीं, यांत आम्हांस अभिमान आहेच. पण फाटकावर आजोबांचें नांव आणि आंत नातवाला जागा नाहीं, असें होतां कामा नये.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें त्यांतील एकच गोष्ट बहुधा सांगितली जाते: सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येवरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो. ती खरीच. परंतु त्याच निवेदनांत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, शिकून तयार झालेल्या खेड्याच्या मास्तरास महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा. (आम्हां मास्तरांस ही ओळ विशेष गोड लागते, हें कबूल करतों.) दुसरी, जो घरीं अभ्यास करील त्यालाही विद्यापीठानें पदवीच्या परीक्षेस बसूं द्यावें. ज्याला नांगर सोडून शहरांत राहतां येत नाहीं, त्याची ही चिंता होती. त्या मागणीस मुक्त विद्यापीठाचें रूप येण्यास नाशिकांत १९८९ साल उजाडलें.

मग आजची अडचण कोणती? ९२७ चे दिवस गेले. शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलें, आणि मुलांहून अधिक उत्साहानें मुली, कॉलेजांत आल्या. पण आमचीं मुलें आंत शिरलीं आणि सरकारचा हात आंखडला. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या, तासावर पैसे घेणारे शिक्षक एका कॉलेजांतून दुसऱ्या कॉलेजांत धांवतात. थाटाच्या इमारती मिहानांत, आणि चार जिल्ह्यांच्या गरिबांचें विद्यापीठ मात्र शिक्षकाविना. विद्येच्याही दोन पंगती झाल्या आहेत. एका पंगतींत पुरणपोळी आणि दुसरींत पत्रावळच पोंचलेली नाहीं.

आमच्या लोकांसही दोन शब्द ऐकविल्यावांचून राहवत नाहीं. मोबदल्याचा पैसा हातीं आला तेव्हां आपण काय केलें? कोणीं मोटार घेतली, कोणीं मुलाच्या लग्नांत दोन दिवस बँड वाजविला. मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस काढून ठेवणारीं घरें आम्हांस बोटांवर मोजतां येतात. जमीन परत येत नाहीं हें ज्याला कळतें, त्यानें तरी तिचा पैसा बँडवाल्याच्या झोळींत टाकूं नये.

आमची मागणी अशी. मिहानच्या हद्दींत संस्थांना जागा मिळाल्या. तेथेंच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाला एक जागा द्यावी. तेथें जमीन गेलेल्या गांवांतील मुलांमुलींसाठीं वसतिगृह बांधावें. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ सालीं वसतिगृह काढलें, कारण वर्गाचें दार उघडून भागत नाहीं, रात्रीं डोकें टेकण्यास जागा लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्या जागीं संध्याकाळचे वर्ग चालावे, मराठींतून चालावे, आणि विमान-दुरुस्तीच्या कारखान्यास जें लागतें तें शिकवावें: पत्र्याचें काम, विजेचें काम, मोजमाप. लोहाराच्या मुलाच्या हाताला पत्रा कळतो, सुताराच्या डोळ्याला रेघ कळते. त्यावर शास्त्राची एक पुट चढविण्याचें काय तें काम उरतें. खापरीपर्यंत मेट्रो गाडी आली आहे, तेव्हां शिकविणाऱ्यांनीं येण्याजाण्याची सबब सांगूं नये.

अशी मागणी तोंडी केली तर साहेबलोक विचारतात, "मुलें आहेत कोठें?" म्हणून प्रत्येक गांवच्या ग्रामसभेनें एक यादी करावी: कोणत्या घरची किती जमीन गेली, त्या घरांत दहावी-बारावी झालेलीं मुलें-मुली किती, त्यांतील कॉलेजांत किती गेलीं, आणि ज्यांनीं मध्येंच सोडलें त्यांनीं कां सोडलें. मुलींचीं नांवें आधीं लिहावीं, कारण तींच बहुधा गळतात. याद्या आमच्याकडे पाठवाव्या. कोणाचें नांव न छापतां त्यांतील आंकडे आम्ही या पत्रांत छापूं, आणि तोच अंक विद्यापीठाच्या व कंपनीच्या कचेरींत पोंचता करूं. वर सांगितलेल्या गृहस्थांची मुलगी सध्यां रोज दोन गाड्या बदलून कॉलेजांत जाते. तिच्या गांवची यादी तीच लिहून देणार आहे.